प्रोसिडिंगमध्ये न लिहिलेलं

तानसा धरण १८९२ साली पुरं झालं, मुंबईला पाणी मिळालं आणि ज्या शहापूर तालुक्याने त्यासाठी जमीन-जंगल दिलं तिथेच उन्हाळ्यात टँकर फिरतात, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा ही नावं मुंबईकराला पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात भेटतात. मला सांगायचं आहे ते त्यामागचं. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींच्या कचेऱ्यांत मी नोकरीची उमेदीची वर्षं काढली. प्रोसिडिंगच्या वहीत शेवटी ‘सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर’ एवढंच उरतं. ठरावाच्या आधी जे घडतं आणि नंतर जे घडतं, ते वहीत येत नाही. गावात दोन पैसे येतात की गावातून जातात, याचा निकाल मात्र तिथेच लागतो. गावांची नावं घेणार नाही. ज्यांना ओळखायचं आहे ते ओळखतील.

तानशाच्या अंगाला असलेल्या एका गावात नळयोजना होती. विहीर होती, टाकी होती, मोटार होती. पाणी नव्हतं, कारण वीजबिल थकलं होतं आणि जोडणी तोडली होती. नळयोजना सरकार बांधून देतं, पण मोटारीचं बिल पंचायतीने भरायचं असतं आणि ते पाणीपट्टीतून यायचं असतं. पट्टी येत नव्हती. दरवर्षी वरून फर्मान निघायचं: मार्चअखेर आहे, दारोदार जा. आम्ही जायचो. दारांना कुलपं. दिवाळी उरकली की अर्धा पाडा भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर गेलेला असतो, तो परततो पावसाच्या तोंडाला. एका मासिक सभेत कातकरीवाडीतून निवडून आलेल्या बाईने विचारलं, “भाऊसाहेब, पैसं असतात तवा का येत नाय?” सभेत कुणालाच उत्तर सुचलं नाही. पुढच्या वर्षी भात झोडून व्यापाऱ्याच्या गाडीत चढलं त्या आठवड्यात आम्ही पावतीपुस्तक घेऊन खळ्यावर हजर. त्याच सुमारास भट्टीमालकांची उचलही पाड्यावर येते. पट्टी जमली, बिल भरलं, मोटार मे महिन्यातही चालली. बायकांचे विहिरीवरचे तास वाचले आणि ते भाजीच्या वाफ्यांत गेले. वरच्या अहवालात गावाचं कौतुक छापून आलं, ते ‘मार्चअखेरच्या विशेष वसुली मोहिमे’साठी.

आठवडे बाजाराचं प्रकरण याहून मोठं. बाजारावर फी बसवायचा अधिकार ग्रामपंचायतीला १९५८ च्या अधिनियमाच्या कलम १२४ ने दिला आहे. फी रोज गोळा करत बसण्यापेक्षा पंचायती वर्षाचा ठेका लिलावाने देऊन मोकळ्या होतात. एका गावात या लिलावाला दोन घराणी समोरासमोर बसली. दोघांनाही ठेक्यात फारसा रस नव्हता, दुसऱ्याला तो मिळू नये यात होता. बोली चढत गेली आणि आदल्या वर्षाच्या तिप्पट रकमेवर थांबली. सरपंचांनी पेढे वाटले. वाढलेल्या उत्पन्नाची नोंद मीच केली.

आता तिप्पट रक्कम काढायची कुठून? ठेकेदाराची माणसं टोपलीमागे पावती फाडायला लागली. पावसाळ्याचे दिवस होते. शेवळं, करटोली, भारंगी, कुर्डू अशी रानभाजी पहाटे खुडून, डोक्यावरून आणून विकणाऱ्या बायका बाजाराच्या तोंडालाच बसत. त्यांची सगळी टोपली विकून जे मिळणार, त्यातला घसघशीत वाटा पावतीतच जाऊ लागला. त्यांनी भांडण केलं नाही, निवेदन दिलं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्या ओढ्यापलीकडे जाऊन बसल्या. पलीकडची हद्द शेजारच्या गावाची.

भाजीवाल्या गेल्या तशी गिऱ्हाइकं गेली. गिऱ्हाइकांमागून सुकटवाला गेला, बांगडीवाला गेला, बियाणांची पुडकी विकणारा गेला. बाजाराला गर्दी खेचणारी वस्तू कोणती हे लिलावाच्या खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं. शेवळाची जुडी घ्यायला माणूस येतो आणि जाता जाता किराणा भरतो, कपडा शिवायला टाकतो, गिरणीवर दळण देतो. दिवाळीपर्यंत बाजारपेठेतली अर्धी दुकानं बाजाराच्या दिवशीसुद्धा बंद दिसू लागली.

करार वर्षाचा होता, मोडता येईना. वर्ष संपल्यावर पंचायतीने ठराव केला: डोक्यावरून आणलेल्या मालाला फी नाही, फी फक्त गाडीतून आलेल्या मालाला. बाजारात एक नळ, बायकांसाठी मुतारी आणि सावलीला पत्र्याची शेड. लिलाव अर्थातच निम्म्याहून खाली आला. विरोधी पॅनेलने ‘पंचायतीचं नुकसान’ म्हणून गावभर पत्रकं वाटली. भाजीवाल्या परतायला मात्र वेळ लागला. तुटलेला बाजार ठरावाने परत येत नाही, दोन-चार बायका आधी येऊन बघून जातात, मग बाकीच्या येतात. त्या आल्या, बाजार भरला. वर्षअखेरीला हिशेब जुळवताना दिसलं की लिलावात जितकं घटलं होतं, त्याहून जास्त रक्कम दुकानगाळ्यांच्या थकलेल्या घरपट्टीतून वसूल झाली होती. थकबाकी सर्वांत आधी आणून भरली ती तिप्पट बोली लावणाऱ्या त्या ठेकेदाराने. बाजाराच्या कोपऱ्यावरचं भुसार दुकान त्याचंच होतं.

म्हशाच्या यात्रेबद्दल मुरबाडकराला मी काय सांगणार? पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा, घोंगड्या, भांडी, शेतीची अवजारं, हातोलीची मिठाई, तमाशाचे फड आणि बैलबाजार. यात्रेवर आणि यात्रेकरूंवर कर बसवता येतो हे कायद्यात आहेच, त्यामुळे अशा यात्रांकडे पंचायती उत्पन्नाचं साधन म्हणून बघतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा बैलांचा भाव दिल्लीत बसलेली माणसं ठरवतात असं म्हशात उघड बोललं जायचं. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, तसे बोलणाऱ्यांचे चेहरेही बदलले. पण घाटावरून येणाऱ्या एका वयस्क व्यापाऱ्याने मला वेगळंच सांगितलं. कुठल्याही यात्रेत पोचल्यावर तो आधी गिऱ्हाईक बघत नाही, देवाचं दर्शनही नंतर; आधी जनावरांच्या पाण्याचा हौद बघतो. हौद भरलेला असेल तर तो आठ दिवस भावाला धरून बसू शकतो. हौद कोरडा असेल तर दुसऱ्या दिवशीच बैल पडेल भावाने देऊन घरचा रस्ता धरावा लागतो, कारण तहानलेलं जनावर रोज उतरत जातं आणि ते गिऱ्हाइकालाही दिसतं. पंचायतीला बैलाचा भाव ठरवता येत नाही हे खरं, पण भाव टिकवण्याची ताकद हौदात आहे. हे ऐकून मी माझ्या तेव्हाच्या गावच्या जत्रेत हौदाचा विषय मांडला. ठरावाला सर्वांत कडाडून विरोध केला तो एका सदस्याने. जत्रेत पिंपाने पाणी विकण्याचा धंदा त्याच्या भावाचा होता.

वनराई बंधारा आता सगळ्यांना फोटोतून माहीत आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यांत माती, ओढ्यात आडवी रास आणि मागे हसतमुख पाहुणे. फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे तारीख. पाऊस ओसरला, पण ओढ्याची धार अजून जिवंत आहे, अशा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थोड्या दिवसांतच तो बांधावा लागतो. उशीर झाला की अडवायला पाणीच उरत नाही. आणि नेमके तेच दिवस भातकापणीचे असतात. माणूस मिळत नाही. ग्रामसभा बोलवावी तर गणपूर्ती होत नाही. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल तेवढी डोकी लागतात. कापणीच्या दिवसांत तेवढी डोकी फक्त शेतात सापडतात. मग सभा तहकूब करायची आणि पुन्हा घ्यायची, कारण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. ही पळवाट आळसासाठी वापरलेली मी पुष्कळ पाहिली आहे. एका गावात मात्र ती वेळ साधायला उपयोगी पडली. अकरा जण जमले आणि बंधारा ठरला.

ठरला खरा, पण कुठे? वरच्या पाड्याजवळ ओढा अरुंद, दोन्ही बाजूंना खडक, जागा उत्तम. खालचा पाडा म्हणाला, वर अडवलंत तर आमच्या विहिरीला काय? तंटा जुना होता आणि त्याला पाण्यापेक्षा एका मोडलेल्या सोयरिकीचं कारण जास्त होतं. गोण्या आणायचं काम खालच्या पाड्याच्या पोरांकडे होतं. आसनगावला नव्या इमारतींची कामं चालू होती, तिथून त्यांनी टेम्पोभर रिकाम्या गोण्या जमवल्या आणि आपल्या समाजमंदिरात कोंडून कुलूप लावलं. बंधारा खाली होणार असेल तरच गोण्या मिळतील! दोन दिवस बैठकीवर बैठक झाली. शेवटी सरपंचबाईंनी तोडगा काढला: गोण्या निम्म्या-निम्म्या, बंधारे दोन, दोन्ही बुटके. पाहणीला आलेले अभियंता म्हणाले, एक तरी धड बांधा.

गोणी तोंडापर्यंत भरायची नसते. थोडी रिकामी ठेवून तोंड शिवलं तर ती पसरून बसते आणि शेजारणीला चिकटते. वरच्या थराचे सांधे खालच्या थराच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत, फटींत चिकणमाती दाबायची, मधोमध पाणी ओसंडायला थोडी खोल जागा सोडायची. हे सगळं वरच्या पाड्याच्या एका म्हाताऱ्याला येत होतं आणि त्याने ते खालच्या पाड्याच्या पोरांना शिकवलं. फेब्रुवारीत दोन्ही पाड्यांच्या विहिरींना पाणी होतं, कारण दोन बुटक्या बंधाऱ्यांनी ओढ्याची लांब पट्टी भिजत ठेवली. शेजारच्या गावातला एकच उंच बंधारा पाण्याच्या दाबाने डिसेंबरातच फुटला होता.

त्या पाण्यावर भेंडी आली. शहापूर-मुरबाडची भेंडी वाशीच्या बाजारात जाते, निवडक माल विमानाने परदेशी जातो, हे वाचकांनी वाचलेलं असेल. ती तोडायची कशी हे कमी जणांनी पाहिलं असेल. दिवस उजाडताना, बाह्या मनगटापर्यंत ओढून, हातात मोजे किंवा फडकी गुंडाळून, कारण भेंडीच्या लवेने कातडीला खाज सुटते. एक दिवसाआडची तोडणी चुकवता येत नाही. एक दिवस चुकला की बोटाएवढी कोवळी भेंडी जून होते आणि निर्यातवाला क्रेट बाजूला सारतो. वाकडी निघाली तरी बाजूला. ही निवड बांधावर बसूनच करावी लागते आणि गाडी बांधापर्यंत यावी लागते. इथे पंचायतीने केलं ते काम नकाशावरही दिसणार नाही एवढं लहान: शेतांकडच्या रस्त्याचा चिखलाचा तुकडा मुरूम टाकून दाबला. गाडी आत आली. त्या हंगामात बरीच घरं भट्टीवर गेली नाहीत. दिवाळीनंतर ट्रक घेऊन आलेला मुकादम दोन दिवस पाड्यावर थांबला आणि तिसऱ्या दिवशी पंचायतीत येऊन सरपंचबाईंना म्हणाला, “ताई, तुम्ही माझा धंदाच बसवलात.” बाईंनी त्याला चहा पाजून पाठवलं.

मार्चचा एक किस्सा आटोपतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात तेव्हा ६० टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. गावाच्या मनाने वापरायचे ते उरलेले ४० टक्के. या ४० टक्क्यांतून बाजारओटे बांधले होते आणि गवंड्याचं बिल अडकलं होतं. बिल ऑनलाइन निघतं, त्यासाठी तेव्हा सरपंच आणि ग्रामसेवक दोघांचे डिजिटल सहीचे डोंगल लागायचे. सरपंचबाई बाळंतपणाला माहेरी आणि डोंगल त्यांच्या पर्समध्ये. शिमगा चार दिवसांवर आलेला, गवंडी चिडून काम टाकून निघालेला. आणायला जाणार कोण? आमचे उपसरपंच विरोधी पॅनेलचे, बाईंशी वर्षभर बोलत नव्हते. तेच मोटारसायकल काढून गेले, बाळाच्या हातावर पैसे ठेवून डोंगल घेऊन आले आणि संध्याकाळी बिल निघालं. एवढा उदारपणा कुठून आला, असं मी नंतर हळूच विचारलं. गवंडी त्यांचा मेव्हणा होता.

गुळवेलीची गोष्टही गाजलेली आहे. कोरोनाच्या काळात शहापूरच्या कातकरी तरुणांच्या गटाला, वनधन योजनेतून, औषध कंपन्यांकडून ३५० टन गुळवेलीची १ कोटी ५७ लाखांची ऑर्डर मिळाली आणि दिल्लीपर्यंत नाव झालं. ते नाव त्यांनी कष्टाने कमावलं. मी त्याच सुमारास दुसऱ्या एका लहान पाड्यावर जे पाहिलं ते सांगतो. शहापूर तालुका सगळा आणि मुरबाडची ७७ गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे गौण वनउपजावर ग्रामसभेचा हक्क आहे, आणि वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांनुसार वाहतुकीचा परवानासुद्धा ग्रामसभेचीच समिती देऊ शकते. कागदावर एवढं सगळं असून वेल विकली जायची ती व्यापाऱ्याच्या काट्यावर. ग्रामसभेने अनुसूचित क्षेत्रासाठीच्या पेसा कायद्याखालच्या पाच टक्के निधीतून स्वतःचा वजनकाटा घेतला. दोन आठवडे व्यापारी फिरकला नाही. वाळलेली वेल गोणीत पडून राहिली, पाड्यावर कुजबुज सुरू झाली की काट्याच्या नादात गिऱ्हाईक गेलं. तिसऱ्या आठवड्यात तो आला, स्वतःचा काटा घेऊन. एकच गोणी दोन्ही काट्यांवर चढली. फरक सगळ्यांना दिसला. तो काही बोलला नाही, ग्रामसभेच्या काट्यावरच्या वजनाने पैसे मोजले आणि आपला काटा गाडीत टाकला.

मग माल स्वतःच बाहेर न्यायचं ठरलं. एका नाक्यावर टेम्पो अडवला. ग्रामसभेचा शिक्का असलेला परवाना पाहून तिथला कर्मचारी म्हणाला, असला कागद चालत नाही. टेम्पोत बचत गटाची सचिव होती, बारावी झालेली पोर. तिने पिशवीतून नियमांची छापील प्रत काढली, खूण केलेलं पान उघडलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने ते पान दोनदा वाचलं, टेम्पो सोडला आणि झेरॉक्स काढायला प्रत ठेवून घेतली. साहेबांना दाखवायची म्हणाला.

आता शेवटचा किस्सा, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा. कारखान्याकडून करांऐवजी ठोक रक्कम घ्यायची सोय अधिनियमाच्या कलम १२५ मध्ये आहे. हद्दीत कारखाना आला की पंचायतीचं आणि मॅनेजरचं त्या रकमेवरून वाजतं. एका गावच्या सरपंचबाई वाटाघाटीला बसल्या आणि रकमेवरची घासाघीस मध्येच थांबवून त्यांनी विचारलं, “तुमच्या कॅन्टीनला भाजी कुठून येते?” कल्याणहून येत होती. बाईंनी रक्कम थोडी सोडली आणि भाजी गावच्या बचत गटांकडून घ्यायचं कबूल करून घेतलं. सदस्य चिडले. रक्कम पंचायतीत जमा होते, भाजीचे पैसे घराघरांत. मिरवायला काय उरलं, असा त्यांचा सवाल होता.

पहिल्या महिन्यात भाजी वेळेवर गेली, माल चांगला होता, तक्रार नव्हती. दुसऱ्या महिन्यात गट मोडायला आला. कारखान्याचं बिल ४५ दिवसांनी निघायचं. कारखान्याला तो रिवाज होता, पण दर दुसऱ्या दिवशी तोडणाऱ्या बाईला मजुरी, बियाणं, टेम्पोभाडं रोख द्यावं लागतं. ४५ दिवस तिने काय खायचं? दोघीतिघींनी सावकाराकडून उचल घेतली आणि जो नफा व्हायचा तो व्याजात गेला. ऑर्डर मिळाली म्हणजे धंदा उभा राहिला असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. उधारीचे दिवस कुणी मोजलेच नव्हते. सरपंचबाई पुन्हा मॅनेजरकडे गेल्या. दर दोन रुपये कमी करा, पण पैसे दर शनिवारी द्या, म्हणाल्या. मॅनेजरला हा सौदा स्वस्त वाटला. करार नव्याने केला, त्यात ‘भाजीचे देयक दर शनिवारी’ हे कलम बाईंनी पहिल्या क्रमांकावर घालायला लावलं. ठोक रकमेचं कलम चौथं.

दोनेक वर्षांनी मॅनेजर बदलला. नव्या माणसाने कराराच्या नूतनीकरणात ते कलम गाळून मसुदा पाठवला; त्याच्या मते भाजीचा विषय कराच्या करारात शोभत नव्हता. बाईंनी मसुदा परत पाठवला नाही, फोनही केला नाही. गटातल्या बायकांना फक्त निरोप दिला. सोमवारी कॅन्टीनला भाजी आली नाही. कल्याणच्या जुन्या व्यापाऱ्याने लगेच माल द्यायला नकार दिला, कारण मधल्या काळात त्याची जुनी थकबाकी कारखान्याने लटकवून ठेवली होती. मंगळवारी नवा मॅनेजर स्वतः पंचायतीत आला आणि कलम होतं तसं, पहिल्याच क्रमांकावर, पुन्हा टंकून घेऊन गेला.